जुना गूळ

बिबवेवाडीत माझ्या ओळखीचा एक वाणी आहे. त्याच्याकडे मी वर्षातून एकदाच गूळ घ्यायला जाते. टेकडीवरचं गवत पिवळं पडलं आणि दुपारी पश्चिमेचं वारं सुटायला लागलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. लोणी काळभोरकडच्या गुऱ्हाळाची काळपट ढेप मला लागते, हे त्याला आता सांगावं लागत नाही. "बाई, तुम्हाला तर डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?" असं तो दर वेळी विचारतो. एकांना द्यायचा असतो, असं मी दर वेळी सांगते. देवाधर्माचं काही असेल असं समजून तो जरा चांगली ढेप निवडून देतो, आणि मी त्याचा गैरसमज दूर करत नाही. हा गूळ ज्या माणसाकडे जातो त्याने माझ्या वडिलांना चारचौघांत बिडीबाज ठरवलं होतं. मी ते विसरलेली नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, वनखात्यात होते. खात्यात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खुर्ची येते. आबांच्या वाट्याला गिरिपुष्पाची हिरवी फांदी आली होती. उन्हाळ्यात टेकडीला वणवा लागला की टोळी घेऊन वर जायचं आणि त्या फांदीने आग झोडपून विझवायची, हे त्यांचं काम. कुणी गुरांसाठी नवं गवत चांगलं फुटावं म्हणून काडी लावायचं, कुणी नुसतीच गंमत म्हणून. आबा टोळीचे मुकादम असल्यामुळे टेकडीच्या पायथ्याला, खात्याच्या नर्सरीला लागून, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. पुढच्या खोलीत माझी पुस्तकं, मागच्या खोलीत आईची चूल, आणि मागचं दार उघडलं की समोर सगळी टेकडी.

त्या दारातून आईला आबांची हाळी ऐकू यायची. टोळीचा तो कायदाच होता. वरच्या कातळावर उभं राहून आबा "होऽऽय" अशी लांबलचक एक हाळी द्यायचे, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे जमायचं. लागोपाठ दोन हाळ्या आल्या की वारं फिरलं, उभे असाल तिथून निघा आणि दुसऱ्या बाजूला या. धुरात माणसाला माणूस दिसत नाही, शब्द तर कुणालाच कळत नाहीत, म्हणून नुसता आवाज. आई पिठलं ढवळत असली की दोन हाळ्यांच्या मध्ये तिचा हात थांबायचा. दुसरी पुरी झाली की ती पुन्हा ढवळायला लागायची. आबांचा आवाज एवढा होता की खालच्या वस्तीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्या घरी घड्याळाची गरज नाही.

वणवा विझवून आबा आले की आधी दारातल्या दगडावर बसायचे. चूळ भरली की काळं पाणी पडायचं. आई त्यांचा खाकी सदरा टबात बुडवायची आणि पाण्याला चहासारखा रंग यायचा. मग भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. आबा मीठ मागायचे. मीठ असायचंच, पण त्यांच्या जिभेला धुरापुढे काही लागायचं नाही, आणि आई न बोलता मीठ पुढे सरकवायची. वर जाताना तोंडाला बांधायला ती आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं द्यायची, ओलं करून, आत तुळशीची चार पानं घडी घालून. फडकं ओलं असलं की धूर गाळला जातो, असं तिलाच काय, सगळ्या टोळीला वाटायचं. पुढे हडपसरच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. फुप्फुसाचा धडा आला की माझा आवाज चढायचा, हे मुलींनी मला नंतर सांगितलं. ओल्या फडक्याने राख अडते. धुरातली खरी बारीक घाण आणि विषारी वायू त्यातून आरामात आत जातात आणि छातीच्या तळाशी जाऊन बसतात. आई होती तोवर मी हे तिला कळू दिलं नाही. तिची पानं तिच्यापाशी राहू दिली.

आता नगरकरसाहेब. हे आमचे रेंजर. वणवा विझल्यावर त्यांची जीप यायची, विझण्याआधी कधी नाही. इस्त्रीचे कपडे, नाकाला अत्तराचा रुमाल, आणि मागे पाटीत गुळाचे खडे. "गूळ खा रे, धूर उतरतो," असं म्हणत ते एकेकाच्या काळ्या हातावर खडा ठेवायचे आणि आपण केवढं औषध वाटतोय अशा चेहऱ्याने उभे राहायचे. टोळीतले इसाकचाचा, भवानी पेठेतले, आधी लोहारकाम केलेले. त्यांनी एकदा विचारलं, की साहेब, हडपसरच्या कारखान्यात तोंडाला लावायला काहीतरी देतात, तसं आपल्याला मिळेल का. साहेब म्हणाले, टेकडी म्हणजे कारखाना नाही, मोकळी हवा आहे, पुण्याचे लोक पैसे मोजून असल्या हवेला येतात. सगळे हसले, कारण साहेबांनी विनोद केला की हसायचं असतं. आबाही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला.

साहेबांनीच काढलेला एक नियम होता. टेकडीवर बिडी-काडी न्यायची नाही. वर चढण्याआधी मुकादमाने सगळ्यांच्या बिड्या आणि काडेपेट्या गोळा करायच्या आणि संध्याकाळी ज्याच्या त्याला परत द्यायच्या. आबा त्या आपल्या खाकी सदऱ्याच्या दोन खिशांत भरायचे. कुठलं बंडल इसाकचाचांचं, कुठलं कुणाचं, हे त्यांना बरोबर लक्षात असायचं. स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाही. बिडीचा त्यांना रागच होता, कारण कितीतरी वणवे त्यांनी एका फेकलेल्या थोटकापासून उठलेले पाहिले होते.

त्या उन्हाळ्यात वणव्यांनी उसंत दिली नाही. एक विझवून टोळी खाली येते तोवर दुसऱ्या अंगाला धूर दिसायचा. आबांचा खोकला घरभर राहायला लागला. ते उशा रचून, अर्धे बसूनच झोपायचे. आणि हाळी आखूड झाली. आईच्या हे आधी लक्षात आलं. "व्हय गं, आवाज खाली येईना," असं ती मला म्हणाली आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली. मग एका दुपारी पहिली हाळी आली आणि दुसरी मध्येच तुटली. आई पळी हातात घेऊन दारात उभी राहिली. पिठलं करपलं, तो वास मला अजून आठवतो. थोड्या वेळाने इसाकचाचा आणि दोघंतिघं आबांना चादरीच्या झोळीतून खाली घेऊन आले. ओठ निळसर, डोळे उघडे, आणि छाती नुसती वरखाली.

आबांना खाली आणेपर्यंत वणवा विझला होता आणि साहेबांची जीप आली होती. मी आबांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले, साहेब पुढे. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं की हे धुरात किती काम करतात. साहेब काही बोलायच्या आत आबांचा सदरा काढला गेला आणि खिशांतून बिड्यांची बंडलं खाली पडली. साहेबांनी वाकून एक उचललं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"हे बघा डॉक्टर," ते म्हणाले. "आमच्या धुराला कशाला नावं ठेवता, यांचा घरचाच पुरेसा आहे."

मी ओरडून सांगितलं की त्या टोळीच्या आहेत, तुमचाच नियम आहे. साहेब माझ्याकडे पाहून हसले आणि डॉक्टरांना म्हणाले की मुलीची बापावर माया आहे. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. आबांच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी होती, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात उचलून नाही, नाही अशी खूण केली आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. धुराने झालं असं निघालं असतं तर साहेबांना वर उत्तर द्यावं लागलं असतं, इतकी साधी गोष्ट होती.

त्याचा परिणाम असा झाला की आबांना खालच्या नर्सरीत हलकं काम मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. व्यसनी माणसाला खात्याने का सांभाळावं, असं साहेबांनी इसाकचाचांना तोंडावर सांगितलं. थोडे दिवस विश्रांती आणि पुन्हा टेकडी. डॉक्टरांनी आम्हाला एवढं मात्र सांगितलं होतं की आणखी धूर गेला तर हे टिकणार नाहीत, बिडी सोडा. बिडी सोडा! वस्तीत जो भेटेल तो आबांना तेच सांगायला लागला. लोणीहून मामा आले, गुळाची ढेप घेऊन, आणि जाताना आबांना बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, आता तरी सोडा की." आबांनी चहाच्या टपरीवर जाणं बंद केलं. माणूस धुराने खचला तर समजू शकतं. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या बिड्या काढून घेतल्या त्याला बिडीबाज म्हणून मान खाली घालायला लावणं, हे मी सोडणार नव्हते. साहेबांचं वाईट करायचं हे मी तेव्हाच ठरवलं. जीपची हवा सोडावी, चहात काहीतरी टाकावं, असले पोरकट बेत मी कॉलेजच्या तासांना करत बसायचे. मग माझ्या लक्षात आलं की मला तेवढं पुरणार नाही. त्यांच्या छातीत तोच धूर जायला हवा, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य यायला हवं, की बिड्या त्याच्या नव्हत्या.

पावसाळा निभावला आणि हिवाळ्यात जाळरेषेचं काम निघालं. वणवा पसरू नये म्हणून गवताचा एक लांब पट्टा आपणच आधी जाळून मोकळा करायचा, त्याला जाळरेषा म्हणतात. आबा कातळापर्यंत चढायचे, पण त्यांची हाळी आता खालच्या बांधालाही पोहोचत नव्हती. इसाकचाचांनी मला बोलावलं. बायका रोजावर गवत कापायला जातच होत्या, त्यामुळे कुणी काही म्हणालं नाही. मी कातळावर उभी राहायची, आबा शेजारी बसायचे आणि गवताचे तुरे कुठे झुकतात ते मला नुसत्या हाताने दाखवायचे. थोड्याच दिवसांत मला ते न दाखवता कळायला लागलं, आणि मग मी आबांना घरीच बसवलं.

त्या साली साहेबांनी जाळरेषेचा कार्यक्रमच केला. शहरातून पाहुणे येणार, वरचे साहेब येणार, वर्तमानपत्रात फोटो येणार. पायथ्याला मांडव, हार, बटाटेवड्यांचा घमघमाट. जाळरेषा नेहमी सकाळी पेटवतात, वारं पूर्वेचं आणि शांत असतं तेव्हा. पाहुणे यायला दुपार झाली. इसाकचाचा साहेबांपाशी जाऊन म्हणाले, आज राहू द्या, उद्या सकाळी करू. साहेब म्हणाले, "पाहुणे रोज येत नाहीत. पेटवा."

पेटवलं. टोळी पूर्वेच्या बाजूला उभी होती, धूर पश्चिमेला जात होता. पाहुणे खाली मांडवात वडे खात होते. साहेब मात्र गळ्यात हार घालून, हातात हिरवी फांदी घेऊन, टोळीच्याच बाजूला जाळरेषेच्या कडेला फोटोसाठी उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना आगीच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच पाहिलं. मी कातळावर होते. माझ्या समोर गवताचे तुरे थरथरले, सरळ झाले आणि पूर्वेला झुकले. मी छाती भरून श्वास घेतला आणि दोन हाळ्या दिल्या, पुऱ्या, आबा द्यायचे तशा. टोळी ताबडतोब निघाली आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. फोटोवाला हुशार होता, तोही त्यांच्यामागे पळाला. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. मी त्यांचा जयजयकार करतेय असं त्यांना वाटलं असावं. मग टोळी पळताना दिसली तेव्हा ते ओरडले, "पळता काय, फोटो चाललाय!"

मला त्यांना शब्दांत सांगता आलं असतं. साहेब, तिथून निघा, एवढंच. मी सांगितलं नाही. दोन हाळ्यांचा अर्थ टोळीतल्या सगळ्यात नव्या माणसाला माहीत होता, आणि ज्यांनी ही टोळी वर्षानुवर्षं चालवली त्यांना तो कधी विचारावासा वाटला नव्हता. धूर आला आणि आधी हार, मग फांदी, मग साहेब दिसेनासे झाले. आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी जागची हलले नाही आणि मला फार बरं वाटलं. आजही तो क्षण आठवला की बरं वाटतं. इसाकचाचा डोक्यावर पटका गुंडाळून आत शिरले आणि त्यांना काखेत धरून ओढत बाहेर घेऊन आले.

मी खाली उतरले तेव्हा साहेब जमिनीवर बसले होते. डोळ्यांतून, नाकातून पाणी, इस्त्री काळी, आणि श्वास आबांसारखाच वरखाली. पाहुणे भोवती उभे. टोळीला वाटायला आणलेली गुळाची पाटी मांडवाच्या खांबाशी होती. मी तिच्यातला एक खडा उचलला, साहेबांची मूठ उघडली, खडा तिच्यात ठेवला आणि बोटं मिटून दिली.

"साहेब, गूळ खा. धूर उतरतो."

कुणी हसलं नाही. इसाकचाचा हळूच म्हणाले, "बस कर, बेटी." पण माझं अजून अर्धंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी इसाकचाचांना घेऊन दवाखान्यात गेले. तेच डॉक्टर, तीच नळी, आता साहेबांच्या तोंडावर. शेजारी त्यांच्या पत्नी आणि भेटायला आलेले वरचे साहेब. डॉक्टर सांगत होते की धुराने श्वासनलिकेला सूज आहे, यांनी आता बरेच महिने धुराजवळ जायचं नाही. मी अगदी अदबीने विचारलं की साहेब बिडी किती ओढतात. त्यांच्या पत्नी तडकून म्हणाल्या की हे सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत.

"माझे आबाही खात नाहीत," मी म्हणाले. "मग तेवढ्याशा धुराने साहेबांची छाती सुजली, आणि इतक्या उन्हाळ्यांच्या धुराने आबांना काहीच झालं नाही, ते बिडीने झालं, हे कसं?"

डॉक्टरांनी मला ओळखलं आणि मान खाली घातली. वरच्या साहेबांनी विचारलं, काय प्रकार आहे. इसाकचाचांनी खिशातून आपलं बंडल काढून टेबलावर ठेवलं. "हे माझं आहे, साहेब. त्या दिवशी मुकादमाच्या खिशातपण माझंच होतं. काढून घ्यायचा नियम कुणाचा, ते यांनाच विचारा." वरच्या साहेबांनी विचारलं. नगरकरसाहेबांनी उत्तर दिलं नाही. तोंडावर नळी होती हे खरं, पण आबांनी नळी असतानाही हात हलवला होता. यांनी हातही हलवला नाही. ते खिडकीबाहेर पाहायला लागले.

त्याच आठवड्यात आबांना नर्सरीचं काम मिळालं. टोळीला तोंडाला लावायला मात्र काही मिळालं नाही. सुटले ते एकटे आबा, आणि तेही उशिरा. घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते भाकरी मोडत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "हाळी दिली व्हतीस ना?" मी म्हटलं, दोन्ही दिल्या. "पुऱ्या?" पुऱ्या. "मग झालं," असं म्हणून ते जेवायला लागले. नर्सरीत काही वर्षं त्यांनी पिशव्यांत माती भरली, रोपं वाढवली. श्वास परत आला नाही. पायथ्याला बसून ते टेकडीकडे पाहायचे आणि शेवटी तर दारातून नळापर्यंत जाताना मध्ये एकदा बसायचे. ते गेले तेव्हा भेटायला आलेल्यांत एक जण म्हणालाच, की बिडी वाईट.

आबा गेले त्या वर्षीपासून मी साहेबांना गूळ पाठवते. निवृत्तीनंतर त्यांनी घेतलेल्या फ्लॅटचा पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. वॉचमनकडे ढेप द्यायची, चिठ्ठी नाही, नाव नाही. त्यांना कळतं कुणाकडून ते. मागच्या महिन्यात टेकडी पुन्हा पेटली होती. मी खालून पाहत होते. वर झोडपणाऱ्यांच्या तोंडाला ओले टॉवेल होते, आणि खाली कुणीतरी त्यांना वाटायला गुळाची पिशवी घेऊन उभा होता. मी तशीच वाण्याकडे गेले आणि यंदा ढेप स्वतः वर घेऊन गेले.

सुनेने दार उघडलं. गोड मुलगी आहे, आयटीतली. "काकू, म्हणजे त्या तुम्ही!" ती म्हणाली. "बाबा तुमचा गूळ कुणाला टचसुद्धा करू देत नाहीत. स्वतःही खात नाहीत. सगळ्या ढेपा कपाटात आहेत, मुंग्या लागतात, तरी टाकू देत नाहीत. किती अटॅचमेंट!" हॉलमध्ये तो फोटो होता, हार, फांदी, मागे आग. त्याच्याखाली खुर्चीत साहेब. नाकात नळी, शेजारी यंत्र घरघरत होतं. वय झालं, पुण्याची हवाही आता अशी, असं सून सांगत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

साहेबांनी मला ओळखलं. बराच वेळ श्वास गोळा केला. मी थांबले. बिड्या त्याच्या नव्हत्या, या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते आणि आता ऐकायला सून समोर होती.

"पुरे आता," ते म्हणाले.

एवढा श्वास खर्च करायचाच होता, तर तेवढ्याच श्वासात दुसरं वाक्यही बसलं असतं. मी ढेप त्यांच्या मांडीवर ठेवली.

"असू द्या, साहेब. गूळ जितका जुना, तितका गुणाचा. पुढच्या वर्षी पुन्हा येते."